साठीच्या आतलं नाव

छांगशा, ५ मार्च २०२३

रेनशौ,

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, हे मला माझ्या याओनं, तुझ्या पुतण्यानं, सांगितलं. म्हणून पत्र. पाकीट आणि तिकीट घ्यायला पोस्टात गेलो, तर तिथली पोरगी अशी बघायला लागली जशी मी तिच्याकडे जिवंत कोंबडीच मागितली. म्हणाली, "आजोबा, मेसेज का नाही करत?" म्हटलं, "भाऊ चिडलाय." तर म्हणते कशी, "मग पत्र तरी वाचेल का?" आजकालच्या पोरांच्या जिभेला हाडच नाही.

वाचलंस तर बरं, नाही वाचलंस तर चूल पेटवायला घे. चार वर्षांपूर्वी आईच्या मातीला आलास तेव्हा माझ्याशी तीन वाक्यं बोललास, त्यातली दोन तिरडी कुठून धरायची त्याबद्दलची होती. मोठा भाऊ आहे मी तुझा. पण जाऊ दे, भांडायला नाही बसलो.

मी बरा आहे. छांगशातच, नदीच्या पलीकडे एका बत्तीस मजल्यांच्या इमारतीवर सळया बांधतोय. तेच काम, तार पिळायचा तोच लोखंडी आकडा, तीच तार. आमची आठ जणांची टोळी मिळून पाचशे वर्षांची आहे. सकाळी जिना चढताना गुडघ्यांचा असा कडकडाट होतो की खालचे मजूर म्हणतात, फटाके कशाला, म्हाताऱ्यांना चढवा. दर दुसऱ्या रविवारी न्हाव्याकडे रांग लावून केस काळे करून घेतो. त्या न्हाव्याला आम्ही डॉक्टर म्हणतो. वीस युआनमध्ये दहा वर्षं कमी करतो, असा डॉक्टर सरकारी दवाखान्यातही नाही.

याओ सदतीसचा झाला. अजून तसाच. मुली आहेतच कुठे? आणि ज्या आहेत त्यांच्या घरचे म्हणतात, तालुक्याच्या गावी फ्लॅट पाहिजे. फ्लॅटशिवाय बोलणीच नाही. शेतकऱ्याची पेन्शन मला महिन्याला दीडशे युआन येते, त्यात फ्लॅटची कडीसुद्धा यायची नाही. म्हणून चढतोय. त्याला म्हटलं, तू पण ये माझ्याबरोबर, हात भरून मजुरी आहे. तर म्हणाला, "बाबा, मी स्कूटरवरून लोकांचं जेवण पोचवीन, पण उन्हात लोखंड वाकवायला मी काय गाढव आहे?" म्हणजे मी गाढव. बरं.

तुझा खोकला कसा आहे? तुझ्या छाइशियाला म्हणावं, नासपती उकडून दे. तुझी आठवण येते. दिवसातून दोनदा तरी येतेच, सकाळी आत जाताना आणि संध्याकाळी बाहेर पडताना.

तुझा दादा,
रेनगुई


छांगशा, २१ मे २०२३

रेनशौ,

उत्तर नाही. नसू दे. मी आपला भिंतीशी बोलतोय असं समजून लिहितो, भिंत निदान नंबर तरी बंद करत नाही.

इथे गंमतच चाललीय. आमचा मुकादम फंग माणसांसाठी नुसता तडफडतोय. चार मजले मागे पडलोय. गेल्या आठवड्यात त्यानं बस स्टँडसमोर टेबल मांडलं, लाल कापड घातलं, वर पाण्याच्या बाटल्या. दिवसभरात बावीस माणसं आली, त्यातली एकवीस माझ्या वयाची. एकच पोरगा होता, चोवीसचा. फंग तर उठून उभाच राहिला, जणू सोयरीकच चालून आलीय. पोरानं विचारलं, "खोलीत एसी आहे? वाय-फाय? आठवड्याला दोन सुट्ट्या?" फंग म्हणाला, "बाळा, पगार बघ ना, ऑफिसातल्या बाबूपेक्षा जास्त आहे." पोरगा म्हणाला, "तो तुम्हीच ठेवा, काका." आणि पाण्याची बाटली घेऊन गेला.

संध्याकाळी फंग आमच्यात येऊन बसला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "रेनगुई, कुठूनही मला एक पंचवीस वर्षांचा आणून दे रे. एकच. अरे, त्या वर्षी जन्मलेले गेले कुठे सगळे?"

बाकीचे हसले. मी पण हसलो. मग ताटातला भात तसाच ठेवून उठलो.

असो. दुसरी बातमी अशी की फाटकावर नवा कागद लागलाय. साठीवरचा पुरुष आणि पन्नाशीवरची बाई ह्यांना मनाई आधीपासून होतीच, आता कोणी आत दिसलं तर कंपनीला दंड. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, इथे तर गरज सरलेली नाही तरी वैद्याला हाकलतायत. एका हाताने माणसं द्या म्हणून गळा काढायचा आणि दुसऱ्या हाताने असलेल्यांना गचांडी. आमच्यातले दोघे त्याच दिवशी वळकटी घेऊन गेले. एक तर रडत होता. बासष्टचा, माझ्याच वयाचा.

मी कसा राहिलो ते विचारू नकोस. राहिलो.

मिरच्या वाळवून पाठवल्यात, मिळाल्या का तेवढं तरी कळव. माझ्याशी नसेल बोलायचं, तर कागदावर "मिळाल्या" एवढं लिही.

रेनगुई


छांगशा, ९ जुलै २०२३

रेनशौ,

काल छाइशियाची चिठ्ठी आली. चार ओळींची. पंचवीस वर्षांत तिनं मला लिहिलेल्या पहिल्या चार ओळी. इथे उतरवतो, म्हणजे मी वाचल्या हे तुला कळेल.

"भावोजी, ह्यांना आता अंथरुणातून उठवत नाही, चोवीस तास ऑक्सिजनचं मशिन लागतं. निर्वाह भत्त्याचा आणि दवाखान्याच्या सवलतीचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. ऑफिसात सांगतात, श्यांग रेनशौ दोन वर्षांपासून छांगशात सळया बांधायच्या कामावर आहे, रोज हजर आहे, अंगानं धडधाकट आहे. छांगशात तुम्ही आहात. हे काय आहे?"

हे मी आहे, रेनशौ.

आता सांगतो. आई गेल्यावर तिच्या पत्र्याच्या डब्यात तुझं जुनं ओळखपत्र सापडलं. तू हरवलं म्हणून नवं काढलंस, आणि ते बिचारं तिच्या औषधाच्या चिठ्ठ्यांत पडून होतं. तेव्हा मी ते परत द्यायला हवं होतं. दिलं नाही. साठी झाली त्या महिन्यात फंगनं मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात कोणी साठीच्या आतलं आहे का, चेहऱ्याने जुळणारं?" इथे सगळे हेच करतात रे! कुणी मेहुण्याचं आणतो, कुणी चुलतभावाचं. आमच्यातल्या एकाने तर स्वतःच्या मुलाचं आणलंय, आणि बाप-लेक दिवसभर एकाच नावाने ओ देतात. मला वाटलं, भाऊ डोंगरात बसलाय, त्याला त्या नावाचा काय उपयोग? आपलेच दात आपलेच ओठ. भावाचं नाव भावाने वापरलं तर कुणाचं काय गेलं?

फाटकावरच्या यंत्रापुढे तोंड धरलं की ते बाई-आवाजात बोलतं: "श्यांग रेनशौ, वय पंचावन्न, आत जा." रोज दोनदा. तुझी आठवण येते म्हणालो होतो ना, ती अशी.

मी काय समजत होतो आणि काय झालं! मला वाटलं मी फक्त नाव उचललं. नावाबरोबर तुझा ऑक्सिजन येतो हे मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं ठाऊक. शेन्झेनला बारा वर्षं तू इमारतींच्या पायासाठी दगड फोडलास, कोरड्या ड्रिलनं, तोंडाला नुसता गमछा बांधून. छातीत दगडाची भुकटी भरून घेतलीस. आणि आता कागदावर तू धडधाकट, कारण माझे हात अजून चालतात.

उद्याच काम सोडतो. पंधरा दिवसांत सगळं सरळ करतो.

दादा


छांगशा, ३० ऑगस्ट २०२३

रेनशौ,

पंधरा दिवस म्हणालो होतो. पन्नास झाले.

काम सोडलं, पण जुलैअखेर. फंग पाया पडायचा बाकी होता. "बाराव्या मजल्याचा स्लॅब तोंडावर आलाय, मला आगीतून फुफाट्यात कशाला टाकतोस?" म्हटलं, "माझा भाऊ मरतोय." तर म्हणाला, "भाऊ? तुझ्या कागदावर तूच तुझा भाऊ आहेस." हसायला आलं त्याला. मग स्वतःलाच लाज वाटली, सिगारेट पुढे केली. माणूस वाईट नाही. राजीनाम्यावर मी तुझी सही केली. आता ती माझ्या हाताला माझ्या सहीपेक्षा बरी जमते.

मग मजूर ऑफिसला गेलो. काउंटरवर एक चष्मेवाला होता, तिशीचा असेल. त्याला सगळं खरं सांगितलं. माझं खरं ओळखपत्र ठेवलं, तुझं जुनं ठेवलं. म्हटलं, साहेब, दोन वर्षं तिथे राबला तो मी, श्यांग रेनगुई. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण भावाच्या नावावरची हजेरी पुसा.

त्यानं माझं कार्ड बघितलं, कॉम्प्युटर बघितला, परत कार्ड बघितलं. म्हणाला, "आजोबा, तुमचं वय बासष्ट."

"हो."

"साठीवरच्या माणसाला साइटवर मनाई आहे."

"म्हणून तर भावाचं नाव लावलं, साहेब."

"पण तपासणीत त्या कंपनीकडे साठीवरचा एकही माणूस सापडलेला नाही. तसा अहवाल आहे, शिक्का आहे. म्हणजे तुम्ही तिथे नव्हतात."

मी हात पुढे केले. ह्या तळव्यांवरचे घट्टे बघा म्हटलं. तो म्हणाला, "घट्ट्यांना तारीख नसते." हुशार आहे मेला. मी आवाज चढवला तर वॉचमन आला.

चार वेळा गेलो. चौथ्यांदा त्याला माझी दया आली असावी, म्हणाला, बसा, निदान भत्त्याचा अर्ज तुमच्या भावाच्या गावी फेरविचाराला पाठवू, फॉर्म भरा. फॉर्म तोच वाचत होता, मी सांगत होतो. घरात कोण? बायको. मुलगी? एक, लग्न होऊन फूच्यानला गेली, तिलाच दोन वेळची भ्रांत आहे. "आणखी मूल? कमावत्या वयाचं कोणी असेल तर लिहावं लागेल."

मी टेबलावरचं तुझं ओळखपत्र सरळ करत बसलो. त्याला वाटलं ऐकू आलं नाही. मोठ्याने विचारलं, "आजोबा, भावाला दुसरं मूल आहे का?"

रेनशौ, मी "नाही" म्हणालो.

सत्याण्णव साली तुला मी सांगितलं की कुटुंबनियोजनवाल्यांची टोळी आईच्या घराची कौलं उतरवायला निघाली होती, म्हणून मी छाइशिया कुठे आहे ते बोललो. खोटं नव्हतं ते, पण सगळं खरंही नव्हतं. कौलं त्यांनी उतरवली असती तर आपण दोघांनी पुन्हा चढवली असती. मी वाडीचा गटप्रमुख होतो. आपल्या वाडीत परवान्याबाहेर एकही जन्म नाही असं पत्रक द्यायला मला चारच महिने उरले होते. छाइशिया मामांच्या परड्यामागच्या रताळ्यांच्या भुयारात लपलीय, हे मला आईनं विश्वासानं सांगितलं होतं, तिला भात नेऊन द्यायला. मी भात नेला नाही. टोळी नेली. तिला सातवा महिना होता. त्या वर्षअखेर मला तोंड धुवायचं इनॅमलचं भांडं बक्षीस मिळालं, लाल फुलांचं, आणि ते मी बरीच वर्षं वापरलं.

तो आज पंचवीसचा असता. मुलगा होता हे मला पोट पाडलं त्या दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं. तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. तुझ्या उशाशी बसायला, मशिनचं बिल भरायला, ह्या चष्मेवाल्याशी भांडायला कोणीतरी असतं. अख्ख्या छांगशात मुकादम त्याला शोधतायत आणि मी कुणाला सांगू शकत नाही की मला ठाऊक आहे तो कुठे गेला.

हे लिहायला इतकी वर्षं गेली. तोंडाने बोलता आलं नसतं.

रेनगुई


छांगशा, २ नोव्हेंबर २०२३

रेनशौ,

घाईत लिहितो. ऑफिसनं कळवलं की चेहरा पटवून बघू. छाइशियानं त्या दिवशी तुला उशीला टेकवून फोनसमोर धरलं ना, ते त्याचसाठी. मी इकडे काउंटरपाशीच उभा होतो. पडद्यावर तुला बघितलं. केवढासा झालायस रे! ओळखलंस का मला? मी हात हलवला होता.

यंत्रानं तुझा चेहरा नाकारला. साइटच्या यंत्रात गेली दोन वर्षं "श्यांग रेनशौ" म्हणून माझं तोंड भरलंय, आणि ह्यांनी पटवायला तेच घेतलं. चष्मेवाल्याने मग कॅमेरा माझ्याकडे फिरवला. लगेच हिरवा दिवा. त्याच्याही तोंडचं पाणी पळालं. म्हणाला, "आजोबा, यंत्राच्या मते रेनशौ तुम्ही आहात. फोनवरचे ते कोण, ते सिद्ध करावं लागेल."

मी म्हटलं, "तो माझा धाकटा भाऊ आहे. मी त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत नेलाय."

"त्याचा दाखला आहे का?"

सहा महिने त्या नावावर हजेरी लागली नाही तर नोंद आपोआप गळून पडते, असं तो म्हणतो. मी सोडलं जुलैच्या अखेरीला, म्हणजे जानेवारीची अखेर. तेवढं काढ. मशिनचे पैसे मी पाठवतो, भाजीमंडईत रात्रपाळीला कोबीच्या गोण्या उतरवतोय, तिथे वय विचारत नाहीत आणि नावही विचारत नाहीत. पैसेही तसेच देतात, निम्मे. तू फक्त जानेवारी काढ.

दादा


तुझ्या गावी, ४ एप्रिल २०२४, छिंगमिंग, पितरांचा दिवस

रेनशौ,

हे पोस्टात टाकायचं नाही. थडग्यावरचं गवत काढलं, दारू ओतली, आता तुझ्यासाठी कागदी नोटा जाळताना हेही त्यात घालीन.

एकोणीस जानेवारीला तू गेलास. बारा दिवस आणखी काढायचे होते. तुला दोष देत नाही. दोष द्यायला मी कोण!

मातीला मी आलो नाही, कारण छाइशियानं निरोप धाडला होता, येऊ नका. आज मात्र दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. तिनं फोन काढून माझ्यासमोर धरला. सत्तावीस फेब्रुवारीचा मेसेज. श्यांग रेनशौ यांचा निर्वाह भत्त्याचा अर्ज मंजूर झाला असून लाभार्थ्याने स्वतः हजर राहावे.

म्हणाली, "तुमच्या हाताने माझ्या घरातली दोन माणसं गेली, भावोजी. एक जन्मायच्या आधी आणि एक मरायच्या आधी." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? तिनं आत बोलावलं, भात वाढला, धुरावलेलं मांस आणि शेंगांचं लोणचं. माझ्याच मिरच्या होत्या त्यात, मिळाल्या होत्या म्हणजे. मी खाल्लं. भूक लागली होती, रेनशौ. लाज वाटते सांगायला, पण दोनदा भात घेतला.

तुझं जुनं ओळखपत्र तिला परत दिलं. तिनं ते कात्रीनं कापून चुलीत टाकलं.

माझं खरं नाव आता सगळ्या साइटच्या यादीवर आहे, ओळखीची फसवणूक म्हणून. ती मात्र त्यांनी बिनचूक नोंदवली. मंडईतलंही सुटलं, कंबर गेली. याओ डिसेंबरात स्कूटरवरून पडला, पायात सळई घातलीय, घरी बसून असतो. मुलीवाल्यांनी फोन करणं बंद केलं.

परवा फंगचा फोन आला. विसाव्या मजल्यावर आलेत, टोळीत चौघेच उरलेत. म्हणाला, "रेनगुई, तुझ्याइतकी घट्ट गाठ कुणाची नाही. एक कार्ड मिळालंय बघ. क्वेइचौचा माणूस, गावी पडून असतो, त्याला महिन्याला थोडे दिले की झालं. चेहरा साधारण जुळतो. केस तेवढे काळे करून ये."

मी विचारलं, "त्याला आजार काय आहे?"

फंग म्हणाला, "मला काय ठाऊक? तू येतोस की नाही ते सांग."

मी येतो म्हणालो.

सकाळी सहाची बस आहे. उद्यापासून मी लुओ श्वेबिन, वय एक्कावन्न. रागावू नकोस. ह्या वेळी नाव तुझं नाही.